गुळवेलीच्या ओळखीची चाचणी : नाशिकमधील एका प्रयोगशाळेच्या सेवेचा अनुभव

पंचवटीतील माझ्या दवाखान्यात गुळवेल रोज लागते. काढ्यासाठी ओली कांडी, चूर्णासाठी वाळलेले तुकडे आणि काही रुग्णांसाठी सत्त्व अशा तीन रूपांत ती माझ्याकडे येते आणि ही तिन्ही रूपे नाशिकमध्ये सहज मिळतात. मिळते ती वस्तू खरोखर गुळवेलच आहे का, एवढा एकच प्रश्न घेऊन मी गेल्या पावसाळ्यानंतर शहरालगतच्या औद्योगिक वसाहतीतील एका खासगी प्रयोगशाळेत गेले. तेथे वनौषधींतील अल्कलॉइडांची, म्हणजे वनस्पतींत तयार होणाऱ्या नायट्रोजनयुक्त द्रव्यांची, तपासणी करून दिली जाते. सुमारे तीन महिन्यांत सहा नमुने आणि दोन अहवाल असा तो व्यवहार झाला. ही सेवा घ्यावी का आणि घ्यायची तर काय मागून घ्यावे, हे माझ्यासारख्या लहान दवाखानेवाल्यांना आणि घरी चूर्ण करणाऱ्यांना कळावे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. प्रयोगशाळेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मला त्यांच्या उणिवाही सांगायच्या आहेत आणि त्यांतील एक मोठी उणीव त्यांनी माझ्या देखत दुरुस्त केली.

प्रश्न पडण्याचे कारण आधी सांगते. करोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा सुरू झाला. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेची माहिती प्रसिद्ध केली. त्यावर आयुष मंत्रालयाने असा आक्षेप घेतला, की रुग्णांनी घेतलेली वनस्पती कोणती होती हे तपासलेलेच नाही, ती टिनोस्पोरा क्रिस्पा ही गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते. पुढे २०२२ मध्ये देशातील अनेक केंद्रांतील ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. या वादात कोणाची बाजू किती बरोबर, हा या लेखाचा विषय नाही. यकृताचा किंवा स्वप्रतिकारशक्तीचा विकार असलेल्या रुग्णाला मी गुळवेल देत नाही आणि योग्य वेल ओळखली म्हणून ती सर्वांना निर्धोक झाली असेही मी मानत नाही. परंतु आपण रुग्णाच्या हाती नेमके काय देतो, हे ठामपणे सांगता येत नसेल तर पुढची सारी चर्चा आधाराविना राहते, असे मला त्या वेळी प्रकर्षाने जाणवले.

ओली वेल समोर असेल तर ओळख फारशी अवघड नाही. आपल्या ग्रंथांनी गुडूचीला, म्हणजे गुळवेलीला, दिलेली नावे याच कामाची आहेत. तोडली तरी पुन्हा रुजते म्हणून ती छिन्नरुहा, आणि आडव्या छेदात चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसते म्हणून चक्रलक्षणा. पान हृदयाकृती व गुळगुळीत असते. साल कागदासारखी पातळ असून नखाने खरवडली की आत हिरवी दिसते. क्रिस्पाचे खोड करडे, त्यावर ठळक गाठी असतात आणि ते कापल्यावर दुधाळ स्राव येतो. तिचे फळ लांबट व नारिंगी, तर गुळवेलीचे गोल व लाल असते. तिसरी वेल टिनोस्पोरा सायनेन्सिस, जिची कोवळी पाने व खोड लवदार असतात. येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. खऱ्या गुळवेलीच्या जून खोडावरही वातरंध्रांचे, म्हणजे सालीवरील हवेच्या छिद्रांचे, बारीक उंचवटे असतात, त्यामुळे केवळ खोड खडबडीत लागले म्हणून तिला क्रिस्पा ठरवू नये. मी स्वतः पहिल्यांदा तीच चूक केली आणि कुंपणावरची चांगली वेल उपटून टाकण्याच्या बेतात होते.

आपल्याकडे कडुनिंबावरची, आंब्यावरची, बाभळीवरची असे वेलीचे प्रकार मानले जातात आणि कडुनिंबावरच्या वेलीला जास्त भाव मिळतो. या परंपरेचा मला आदर आहे. तरीही हे लक्षात घेतले पाहिजे, की गुळवेल बांडगुळासारखी परजीवी नाही. तिची मुळे जमिनीत असतात, वरून दोऱ्यांसारखी लोंबणारी हवाई मुळेही शेवटी जमिनीकडेच येतात आणि ती झाडाचा रस शोषत नाही. ऋतू, खोडाची जाडी, जमीन आणि वेल नर आहे की मादी (गुळवेलीत नर व मादी वेली वेगळ्या असतात) अशा अनेक गोष्टींनी तिच्यातील द्रव्यांचे प्रमाण बदलू शकते. आधाराचे झाड हे त्या प्रकाराचे नाव असते, जातीचे नव्हे.

खरी अडचण वेल वाळवून तिचे तुकडे किंवा चूर्ण झाल्यावर सुरू होते. पान, फळ आणि स्राव या खुणा तेव्हा हाती राहत नाहीत. तुकड्यांचा छेद तरी पाहता येतो, चूर्णात तीही सोय नसते. अशा वेळी रसायनशास्त्राकडे वळावे लागते आणि अल्कलॉइडांचा विचार तेथे येतो. गुळवेलीच्या खोडात बर्बेरिन, पामाटिन, जट्रोऱ्हायझिन आणि मॅग्नोफ्लोरिन ही अल्कलॉइडे आढळतात. त्यांपैकी पहिली तीन पिवळी असून एकाच घराण्यातील आहेत, मॅग्नोफ्लोरिनची घडण थोडी वेगळी आहे.

प्रयोगशाळेला मी दिलेले नमुने असे होते. गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात हरसूलकडून येणाऱ्या एका मावशींकडून घेतलेली ओली कांडी, एका जुन्या काष्ठौषधींच्या दुकानातील वाळलेले तुकडे, औषधाच्या दुकानातील बंद डब्यातील चूर्ण, सत्त्व म्हणून विकली जाणारी पांढरी भुकटी आणि माझ्या कुंपणावरची वेल. या शेवटच्या वेलीची ओळख वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांनी पान, फूल व फळ पाहून पटवून दिली होती आणि तिची वाळवलेली, दाबून ठेवलेली फांदी माझ्याकडे होती. सहावा नमुना मी सांगून दिला नाही. कुंपणावरच्याच वेलीच्या चूर्णात मी चिमूटभर दारुहळद (एका वेगळ्याच झुडपाचे पिवळे काष्ठौषध) मिसळून त्यावर केवळ क्रमांक घातला होता. सेवेचे परीक्षण करायचे तर ती चुकते कोठे, हेही पाहिले पाहिजे, असे मला वाटले.

नमुने स्वीकारण्याची पद्धत व्यवस्थित होती. प्रत्येक पिशवीवर क्रमांक, तारीख व वजन लिहून पावती दिली गेली. मात्र किती नमुना आणावा, ओली कांडी कशी गुंडाळावी, ती किती दिवसांत पोहोचवावी याच्या लेखी सूचना त्यांच्याकडे नव्हत्या. ओली कांडी दोन दिवस प्लॅस्टिकच्या पिशवीत राहिल्याने तिला बुरशी आली आणि ती मला पुढच्या बुधवारी पुन्हा आणावी लागली. एका ओळीच्या सूचनेने हे टळले असते.

पहिला अहवाल बारा दिवसांनी आला आणि त्याने माझी निराशा केली. मेयर व ड्रॅगेनडॉर्फ या अभिकर्मकांची (चाचणीसाठी घालायच्या द्रावणांची) चाचणी करून प्रत्येक नमुन्यापुढे ‘अल्कलॉइड : उपस्थित’ असे लिहिले होते. ड्रॅगेनडॉर्फचा अभिकर्मक हा बिस्मथ व पोटॅशियम आयोडाइडचा असून १८६६ पासून वापरात आहे. अल्कलॉइड असले की तो नारिंगी रंग किंवा साका देतो. परंतु प्रथिनांसारख्या इतर पदार्थांशीही तो प्रतिक्रिया देऊ शकतो आणि मुख्य म्हणजे, अल्कलॉइड आहे एवढेच तो सांगतो, कोणते आहे हे सांगत नाही. अल्कलॉइड असलेल्या वनस्पती हजारो आहेत. गुळवेलीच्याच कुळातील वासनवेल आणि पहाडवेल यांचे चूर्ण दिले असते तरी हाच शेरा मिळाला असता. या शेऱ्याला गुळवेलीच्या ओळखीचा पुरावा म्हणणे म्हणजे ‘घरात माणूस आहे’ एवढ्यावरून तो आपला पाहुणा असल्याचे ठरवण्यासारखे आहे.

अहवालाच्या दुसऱ्या पानावर पातळ थराच्या पट्टीचे, म्हणजे टीएलसीचे छायाचित्र होते (या पट्टीवर अर्कातील द्रव्ये वेगवेगळ्या उंचीवर रेषांच्या रूपात सुटी होतात) आणि त्यात खोडाच्या नमुन्यांच्या पट्ट्या जवळजवळ कोऱ्या होत्या. अल्कलॉइड उपस्थित असेल तर पट्टी कोरी का, हे विचारायला मी पुन्हा गेले. तेथील रसायनतज्ज्ञ तरुण होते, शांतपणे ऐकून घेणारे होते. “डॉक्टर, आम्ही नेहमीच्या पद्धतीने काढले, अमोनिया घालून क्लोरोफॉर्ममध्ये घेतले,” असे त्यांनी सांगितले आणि त्यातच उत्तर होते.

हा मुद्दा थोडा सविस्तर मांडते, कारण गुळवेलीची तपासणी करून घेणाऱ्या प्रत्येकाला तो उपयोगी पडेल. बहुतेक अल्कलॉइडांमधील नायट्रोजन हा आम्लात विद्युतभारित होतो आणि अल्कलीमध्ये तो भार सोडून देतो. भार गेला की ते रेणू पाण्यातून क्लोरोफॉर्ममध्ये उतरतात. धोतऱ्यासारख्या वनस्पतींसाठी ही पद्धत उत्तम आहे. परंतु बर्बेरिन, पामाटिन, जट्रोऱ्हायझिन आणि मॅग्नोफ्लोरिन या चौघांतील नायट्रोजनाला चार बंध असतात आणि त्याचा धनभार कायमचा असतो. अमोनिया घातला तरी तो जात नाही. त्यामुळे ही द्रव्ये बहुतांशी पाण्याच्या थरातच राहतात. त्या दिवशी पाण्याचा तो थर मोरीत गेला होता आणि आपण जे शोधत होतो, तेही त्याच्याबरोबर गेले होते. गुळवेलीचा काढा आणि हिम (थंड पाण्यात भिजवून केलेला अर्क) यांतून ही द्रव्ये मिळू शकतात, याचे कारणही हेच आहे. आपल्या पूर्वजांनी पाणी निवडले ते या वेलीला मानवणारे होते.

प्रयोगशाळेने येथे टाळाटाळ केली नाही, हे मी आवर्जून नोंदवते. पहिल्या अहवालाचे शुल्क परत मागण्याची वेळच आली नाही. त्यांनी सर्व नमुने मेथॅनॉलमध्ये पुन्हा काढले, पट्टी चालवण्यासाठी ब्युटेनॉल, असेटिक आम्ल व पाणी यांचे मिश्रण घेतले, बर्बेरिनसोबत पामाटिनचाही शुद्ध नमुना मागवला आणि माझ्या विनंतीवरून कुंपणावरच्या, ओळख पटलेल्या वेलीचा अर्क संदर्भ म्हणून प्रत्येक पट्टीवर बाजूला ठेवला. हा शेवटचा बदल मला सर्वांत मोलाचा वाटतो. शुद्ध बर्बेरिनशी तुलना केली तर नमुन्यात बर्बेरिन आहे का एवढेच कळते. ओळख पटलेल्या वेलीशी तुलना केली तरच नमुना त्या वेलीसारखा आहे का, हे कळते.

दुसऱ्या वेळी पट्टी दाखवायला त्यांनी मला आत बोलावले. साध्या उजेडात तिच्यावर फिकट पिवळसर रेषांखेरीज काही दिसत नव्हते. दिवे मालवून ३६६ नॅनोमीटरचा जंबुपार (अतिनील) प्रकाश टाकला आणि एकेका नमुन्याच्या जागी पिवळ्या-हिरव्या रेषा उजळल्या. मावशींची कांडी, दुकानातले तुकडे आणि माझी वेल या तिघांच्या रेषा एकमेकींच्या शेजारी जवळपास त्याच उंचीवर, त्याच क्रमाने होत्या. तेजस्वीपणा मात्र वेगळा होता. दुकानातल्या तुकड्यांच्या रेषा सर्वांत मंद होत्या, बहुधा ते जुने आणि बारीक फांद्यांचे असावेत. तेवीस वर्षे मी हे औषध हाताळते, परंतु त्यातील पिवळेपणा असा वेगवेगळ्या नावांनी उभा राहिलेला मी प्रथमच पाहिला. नंतर त्याच पट्टीवर ड्रॅगेनडॉर्फ फवारल्यावर, जंबुपार प्रकाशात न दिसलेली आणखी एक नारिंगी रेषा आली. आता अभिकर्मकाला अर्थ होता, कारण तो ठरावीक जागेवरच्या एका रेषेबद्दल बोलत होता.

डब्यातल्या चूर्णाचा निकाल गुंतागुंतीचा निघाला. अल्कलॉइडांच्या रेषा होत्या, पण संदर्भ वेलीत ठळक असलेल्या, अल्कलॉइड नसलेल्या काही रेषा अॅनिसाल्डिहाइड हे रंग आणणारे द्रावण फवारल्यावर त्यात फार पुसट दिसल्या. प्रयोगशाळेने त्यावर ‘गुळवेलीशी अंशतः जुळते, सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे आवश्यक’ असा शेरा दिला. हा शेरा मला आवडला, कारण तो जेवढे दिसले तेवढेच सांगतो. क्रिस्पातही बर्बेरिन, पामाटिन, जट्रोऱ्हायझिन व मॅग्नोफ्लोरिन आढळल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे ही अल्कलॉइडे जुळली म्हणून जात सिद्ध होत नाही. क्रिस्पाला वेगळे काढायचे तर तिच्यातील बोरापेटोसाइड या कडू द्रव्यांकडे पाहावे लागते आणि त्यासाठीचा संदर्भ नमुना या प्रयोगशाळेकडे नाही. ही त्यांची आजची मर्यादा आहे आणि विचारल्यावर त्यांनी ती स्पष्टपणे मान्य केली.

आता सहाव्या, म्हणजे दारुहळद घातलेल्या नमुन्याकडे येते. पहिल्या अहवालात बर्बेरिनची टक्केवारी देण्याचीही एक स्वतंत्र सेवा होती, तीही मी घेतली होती. त्या तक्त्यात हा भेसळीचा नमुना सर्वांच्या वर होता आणि त्याच्यापुढे ‘उत्तम’ असा शेरा होता. असे का झाले हे समजायला फार गणित लागत नाही. गुळवेलीत बर्बेरिन अत्यल्प असते, तर दारुहळदीच्या मुळात व खोडात ते टक्क्यांमध्ये मोजण्याइतके असते. त्यामुळे चिमूटभर दारुहळदीनेही आकडा कित्येक पटींनी वाढतो. जो विक्रेता केवळ बर्बेरिनच्या आकड्यावर गुळवेलीचा दर्जा सांगतो, त्याला हा मार्ग नेहमीच मोकळा आहे. दुसऱ्या वेळी हाच नमुना संदर्भ वेलीशेजारी पट्टीवर ठेवला तेव्हा बर्बेरिनची रेषा एवढी रुंद व प्रखर आली, की तिच्यापुढे पामाटिनची रेषा झाकोळून गेली. तज्ज्ञांनी तत्काळ सांगितले, की हे प्रमाण वेलीचे नाही. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना गडद पिवळे काष्ठतंतूही दिसले. मी तेव्हा खरे सांगून टाकले. त्यांना राग आला नाही. उलट अहवालातील टक्केवारीच्या रकान्याशेजारी ‘या आकड्यावरून वनस्पतीची ओळख ठरत नाही’ अशी ओळ छापण्याचे त्यांनी मान्य केले आणि दुसऱ्या अहवालात ती छापलेली होती.

सत्त्वाबद्दल थोडक्यात. गुळवेल कुटून पाण्यात भिजवतात, वरचे पाणी ओतून देतात आणि तळाशी बसलेला साका वाळवतात, तेच सत्त्व. तो मुख्यतः स्टार्च असतो आणि अल्कलॉइडे पाण्यात विरघळणारी असल्याने त्यांचा मोठा भाग ओतलेल्या पाण्याबरोबर जातो. म्हणून सत्त्वात अल्कलॉइड शोधण्यासाठी पैसे खर्च करू नयेत. मी केले, आणि पट्टीवर जेमतेम एक पुसट रेषा मिळाली. सत्त्वाची भेसळ ही बटाटा किंवा मक्याच्या स्टार्चची असू शकते आणि ती स्टार्चच्या कणांच्या आकारावरून सूक्ष्मदर्शकाखाली स्वस्तात पकडता येते. हे प्रयोगशाळेने आधीच सांगायला हवे होते.

खर्च सांगायचा तर पट्टीची चाचणी, सूक्ष्मदर्शन आणि टक्केवारी मिळून सहा नमुन्यांचे मला नऊ हजारांच्या जवळपास पडले. त्यांतील टक्केवारीचा भाग सर्वांत महाग आणि माझ्या कामाला सर्वांत निरुपयोगी ठरला. रेणूंचे वस्तुमान मोजणाऱ्या द्रव्यमान वर्णपटाची, म्हणजे एलसी-एमएसची सोय त्यांच्याकडे नाही, तो नमुना बाहेरगावी पाठवावा लागतो. त्या यंत्रात बर्बेरिनचा आयन ३३६, जट्रोऱ्हायझिनचा ३३८, मॅग्नोफ्लोरिनचा ३४२ आणि पामाटिनचा ३५२ या वस्तुमानांवर दिसतो आणि अत्यल्प मात्राही पकडली जाते. तरीही केवळ वस्तुमानावर विसंबता येत नाही, कारण कोलम्बामिन या सख्ख्या भावंडाचे वस्तुमानही ३३८ च आहे. दवाखान्याच्या रोजच्या खरेदीसाठी मला ही महागडी चाचणी आवश्यक वाटत नाही, कंपनीला निर्यात करायची असेल तर गोष्ट वेगळी.

अहवाल केवळ इंग्रजीत मिळतो, ही माझी आणखी एक तक्रार आहे. हरसूल, पेठ, सुरगाणा भागातून गुळवेल आणणाऱ्या लोकांनाही आपल्या मालाचा निकाल वाचता आला पाहिजे. मावशींच्या कांडीचा निकाल सर्वांत स्वच्छ होता आणि तो मी त्यांना बाजारात तोंडी सांगितला. त्यांनी कागद मागितला. “मंग भाव वाढवून द्या ना, ताई,” असेही त्या म्हणाल्या आणि त्यांची मागणी रास्त होती. मी त्या दिवसापासून किलोमागे दर वाढवून दिला आहे. कागद मात्र मी मराठीत स्वतः लिहून दिला, त्यावर प्रयोगशाळेचा शिक्का नाही.

एवढे सांगून माझे मत असे, की वाळलेले तुकडे आणि चूर्ण यांसाठी ही सेवा घेण्याजोगी आहे, पण मागणी नेमकी केली तरच. मेथॅनॉलमध्ये अर्क, ओळख पटलेल्या वेलीचा संदर्भ त्याच पट्टीवर, ३६६ नॅनोमीटरखालचे छायाचित्र आणि सोबत सूक्ष्मदर्शन, असे अर्जावरच लिहून द्यावे. आपली स्वतःची संदर्भ वेल असेल तर तिचे वाळलेले खोड सोबत न्यावे आणि तिची दाबलेली फांदी घरी जपून ठेवावी. पुढच्या खेपेला मी डब्यातले चूर्ण त्याच कंपनीच्या दुसऱ्या बॅचमधून घेऊन पुन्हा देणार आहे. संदर्भासाठी माझ्या वेलीचे जाड खोड आताच कापून, सावलीत वाळत घातले आहे.